मोजणीत हजर

बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी कॅश काउंटरवर, आणि संध्याकाळी रोकड जुळली नाही की पोटात जो खड्डा पडायचा तो अजून पडतो. व्हीआरएस घेऊन चार वर्षं झाली तरी भाजीवाल्याने दिलेले सुट्टे मी दोनदा मोजते, नवरा हसतो, हसू दे. हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे जे लिहिणारे त्यात माझी स्वतःचीच पंचाईत झालेली आहे.

तर झालं असं की आमच्या सोसायटीतल्या एक बाई जवळच्याच मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतात. पुण्यात, हडपसरच्या पुढे, सासवड रोडच्या बाजूला. त्या म्हणाल्या, काकू, घरी बसून काय करता, आमच्या लायब्ररीत या की आठवड्यातून दोन दिवस, पोरांना पुस्तकं द्यायला हात कमी पडतात. मी लगेच हो म्हणलं. डोळ्यासमोर चित्र काय, तर मी मधे बसलेय, भोवतीने पोरं, मी गोष्ट वाचतेय आणि सगळी माना वर करून ऐकतायत. पहिल्या दिवशी गेले तर प्रयोगशाळेला लागून एक चिंचोळी खोली, भिंतीला सात लोखंडी कपाटं, मधे एक लांब टेबल आणि टेबलावर कुठल्यातरी जुन्या गॅदरिंगमधला थर्माकोलचा रायगड. एक बुरूज ढासळलेला. आणि सातही कपाटांना कुलूप.

ग्रंथपाल सर अर्धवेळ. शाळेच्या पटावर ग्रंथपालाचं पद ठरतं, पट मोठा असेल तर पूर्णवेळ माणूस, त्याखाली अर्धवेळ, आणि लहान शाळांत कुणीच नाही, तिथे चित्रकलेचे नाहीतर पीटीचे सर किल्ली सांभाळतात. आमच्या सरांच्या त्या अर्ध्या वेळात क्रमिक पुस्तकांचं वाटप, परीक्षेला सुपरव्हिजन, कुणी शिक्षक रजेवर असला की त्याचा तास, आणि मग काही उरलंच तर ग्रंथालय. माणूस अतिशय सज्जन. मी आपलं उत्साहात विचारलं, सर, कपाटं उघडी ठेवायची का मधल्या सुट्टीत? तर म्हणाले, "मॅडम, द्यायला माझी ना नाहीये. पण एप्रिलमधे मोजणी असते. गेलेल्या पुस्तकाचे पैसे कोण भरणार?" आणि ड्रॉवरमधून एक पिवळी पडलेली पावती काढून दाखवली. बारा वर्षांपूर्वी एक शब्दकोशाचा संच गहाळ झाला, कुठल्यातरी शिक्षकांनीच नेला असणार, पण नोंद नव्हती, आणि पैसे सरांनी खिशातून भरले. ती पावती त्यांनी जपून ठेवलीय.

आता इथे दुसरं कुणी असतं तर चिडलं असतं. मला काही चिडता येईना. काउंटरवर शॉर्ट आली की कॅशियरनेच भरायची असते, मीही भरलीय, एकदा तर पगारातले अडीच हजार गेले आणि त्या महिन्यात मी घरी कुणाला सांगितलंसुद्धा नाही. सरांच्या किल्लीच्या जुडग्याकडे बघून मला माझी कॅशची पेटी आठवली. म्हणून मी त्यांना म्हणलं, आधी आपण मोजून घेऊ. सर खूश.

दाखल नोंदवही म्हणजे लाल कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत, बिल नंबर, शेरा. काय सुंदर अक्षर एकेकाचं! सुरुवातीची पुस्तकं दीड-दोन रुपयांची. मी आणि सर आठ दिवस मोजत होतो, मी नंबर वाचायचा, सरांनी टिक करायची, आणि चार हजार तीनशे बारापैकी फक्त सहा कमी भरली. सहा! मला इतका आनंद झाला की मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, काय चोख ठेवलंय सगळं.

दुसऱ्या दिवशी म्हणलं आता जरा आत काय आहे ते बघू. 'किशोर'चे जुने बांधीव खंड होते. बालभारतीचं हे मासिक १९७१ ला सुरू झालं, आमच्या लहानपणी घरात यायचं, त्यामुळे मी मोठ्या मायेने एक खंड काढला, उघडला, आणि पानातून पिठासारखा भुगा मांडीवर सांडला. कसर. मधल्या चाळीस-पन्नास पानांना आरपार भोक, गोष्टीतली माणसं, कोडी, विनोद, सगळ्यातून एकच बोगदा गेलेला. शेजारचा ज्ञानकोशाचा संच काढला तर ओल लागून पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. एक खंड तर कोरा करकरीत, आतलं देवघेवीचं कार्ड पांढरं शुभ्र, आयुष्यात एकदाही कुणी नेलेला नाही आणि खालून वाळवीने निम्मा खाल्लेला. आणि ही सगळी पुस्तकं काल मी स्वतः नंबर वाचून हजर लावली होती.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हिशोबाचा घोळ सुरू झाला. पोराने नेलेलं पुस्तक हरवलं की ते कमी भरतं आणि कुणीतरी पैसे भरतं. कसरीने खाल्लं तर ते मोजणीत हजर! त्याचं कुणालाच काही भरावं लागत नाही. बँकेत असं चाललं असतं का सांगा, तिजोरीतल्या नोटांना वाळवी लागली पण बंडलं मोजली तर बरोबर आहेत म्हणून मॅनेजरने सही केली?

खोलीत एस. आर. रंगनाथन यांचा फोटो आहे. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, सर त्याला हार घालतात, मग तो हार दिवाळीपर्यंत तसाच वाळत असतो. त्यांच्याबद्दल मला शून्य माहिती, सरांनी सांगितली. हा मूळचा गणिताचा प्राध्यापक. १९२४ ला मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेमला गेला आणि त्या शांततेत असा कंटाळला की मला परत शिकवायला पाठवा म्हणून मागे लागला, मग त्याला इंग्लंडला धाडलं, तिथे चालती-बोलती ग्रंथालयं बघितली आणि माणूस बदलूनच आला. १९३१ ला त्याने ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पहिला सिद्धांत काय, तर पुस्तकं वापरण्यासाठी असतात. बस, एवढंच. मला वाटलं हे काय सांगायचं असतं का, तर सर म्हणाले, एकेकाळी युरोपात पुस्तकं साखळीने मांडणीला बांधून ठेवायचे मॅडम, त्यामुळे सांगावं लागलं. एवढं बोलून सर फोटोखालच्या कुलपाकडे बघायला लागले आणि मग आम्ही दोघंही काही बोललो नाही. बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, पाची सिद्धांत पाठ केले होते म्हणे त्यांनी, अजून धडाधड म्हणून दाखवतात.

मग मी माझ्या पद्धतीने नियम शोधायला लागले, कारण नियम सापडला की माझ्यासारखीला धीर येतो. आणि सापडला! केंद्र सरकारच्या २०१७ च्या जनरल फायनान्शियल रुल्समधे नियम २१५ मधे लिहिलंय की वर्षभरात हजार पुस्तकं देवघेवीला किंवा वाचायला दिली गेली तर त्यामागे पाच गहाळ होणं वाजवी धरावं, फक्त बेइमानी किंवा हलगर्जी नसावी. मी प्रिंट काढून सरांना नेऊन दिली. सरांनी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि म्हणाले, "आपण केंद्र सरकार नाही ना मॅडम." ते खरंच. पण त्या नियमातली गंमत बघा, तूट मोजायचीय ती किती पुस्तकं आहेत त्यावर नाही, किती दिली त्यावर. जितकी जास्त द्याल तितकी हरवायची मुभा जास्त. कपाट बंद ठेवलं तर एकही हरवायची परवानगी नाही. हे वाचून मला जितका आनंद झाला तितका पेन्शनच्या सर्क्युलरनेसुद्धा झाला नव्हता. शेवटी मुख्याध्यापकांकडे जाऊन मी सांगितलं की या वर्षी जे काही कमी भरेल ते माझ्या नावावर, सरांच्या नाही. लेखी देते म्हणलं. दिलं. सरांनी दोन कपाटांची कुलपं काढली. पाचांची नाही. दोनांची.

सुरुवातीला मी जरा जास्तच शहाणपणा केला. पुस्तकांना विषयवार नंबर द्यायची ड्यूईची दशांश पद्धत लावायची ठरवली, १८७६ पासून जगभर चालतेय तर आपल्याकडे का नको. पण त्यात इंग्रजी साहित्य ८२०, अमेरिकेचं ८१०, आणि आपलं मराठी ८९१.४६, म्हणजे अख्खी मराठी दशांश चिन्हाच्या पलीकडे. आमच्या शाळेत नव्वद टक्के पुस्तकं मराठी, सगळ्यांवर तोच नंबर, लावून उपयोग काय? महिनाभर डकवलेली लेबलं परत काढली. त्यातून निष्पन्न एवढंच झालं की सहावीतल्या एका पोराला क्रिकेटचा नंबर ७९६.३५८ पाठ झाला, तो अजून दारातून ओरडतो, "बाई, सात नऊ सहा पॉइंट तीन पाच आठ आलंय का नवीन?" मग आम्ही रंगीत टिकल्या लावल्या. साध्या बांगडीच्या दुकानात मिळतात त्या. लाल म्हणजे भुताची, हिरवी म्हणजे प्राण्यांची, निळी म्हणजे विज्ञान, आणि पिवळी म्हणजे बोअर. पिवळी मी ठरवली नव्हती, ती पोरांनी सुरू केली आणि पिवळी लागल्यावर ते पुस्तक जास्त नेलं जायला लागलं, का ते मला विचारू नका.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, डॉ. कलामांचा वाढदिवस, २०१५ पासून राज्यात सगळीकडे करतात. त्या दिवशी फोटो पाठवायचा असतो. साठ पोरं मैदानात बसवली, साठ पुस्तकं वाटली, फोटो झाला, पुस्तकं गोळा केली, एकोणसाठ भरली. पळापळ! पोरांची दप्तरं तपासायची वेळ आली तेव्हा ते साठावं पुस्तक रायगडाखाली सापडलं, टेबलावरून न्यायचंच राहिलं होतं. म्हणजे एक पोरगं फोटोत हाताची ओंजळ करून बसलं होतं. फोटो झूम करून बघितला, खरंच बसलंय, आणि सगळ्यात तन्मय चेहरा त्याचाच आहे.

त्याच्याच पुढच्या आठवड्यात क्लब सुरू झाला. गुरुवारचा ऑफ तास, सातवी-आठवीतली अकरा पोरं. मी 'वाचनकट्टा' नाव सुचवलं, पोरांनी 'पुस्तक गँग' केलं. पहिले तीन गुरुवार म्हणजे नुसता छळ. मी विचारायचे, कशी वाटली गोष्ट? एकजण उभा राहायचा, हात मागे बांधायचा आणि म्हणायचा, "या गोष्टीतून आपल्याला असा बोध मिळतो की..." चुकून एक भुताची गोष्ट निघाली, अगदी फालतू, विहिरीतून हात येतो वगैरे, तर त्यातूनही बोध निघाला की आपण रात्री विहिरीजवळ जाऊ नये. त्यांचा दोष नाही, सात वर्षं आपण त्यांच्याकडून तात्पर्यच तर लिहून घेतलंय, दोन मार्कांना. शेवटी आठवीतल्या एका मुलीने, तिला सगळे शंका म्हणतात कारण ती सारखी शंका विचारते, तिने नियम काढला की जो 'बोध' म्हणेल त्याने त्या दिवशी सगळी पुस्तकं कपाटात लावायची. दोन आठवड्यांत बोध संपला. मग जे काय बाहेर पडलं! हा मुलगा मूर्ख आहे, याची आई याला ओरडत कशी नाही, शेवट लेखकाने घाईत उरकलाय, मला मधली वीस पानं बोअर झाली मी उडवली. पानं उडवली तर चालतं का यावर अर्धा तास भांडण. चालतं, असं ठरलं. नेपाळहून आलेल्या वॉचमनचा पोरगा आहे आमच्यात, मराठी इथेच शिकला, तो हळूच म्हणाला की मी शेवट आधी वाचतो, म्हणजे टेन्शन राहत नाही, मग त्याच्यावर तुटून पडले सगळे.

मी या काळात काय करत होते तर खळ. गैरसमज नको, मैद्याची खळ. फाटलेली पुस्तकं पोरं सेलोटेपने चिकटवायची, सेलोटेप वर्ष-दोन वर्षांत पिवळा पडून सुटतो आणि जाताना अक्षरं घेऊन जातो. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरकाकांनी मला शिकवलं, मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहता कामा नये, मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरा रंग जाऊन काचेसारखं दिसायला लागलं की उतरवायचं, आणि चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड लागत नाही. मोरचूद विषारी, त्यामुळे ते काम मी घरी करते, जुन्या पातेल्यात, त्यावर 'खाऊ नये' लिहून ठेवलंय नवऱ्यासाठी. पोरं मग पाठीला कापडी पट्टी लावतात, वर विटा ठेवतात. ते कसरीचे 'किशोर' पण आम्ही जमतील तेवढे उभे केले. त्यातल्या एका अंकात शब्दकोडं होतं, चाळीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी पेन्सिलने सोडवलेलं आणि आडवा सात चुकलेला. परवा बघितलं तर खाली निळ्या पेनने लिहिलंय, "चूक. मगर." पुस्तकात पेनने लिहिलं म्हणून मी ओरडायला तोंड उघडलं होतं, पण उत्तर खरंच मगर होतं.

आता मुख्य गोष्ट. जानेवारीत क्लबमधे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला. मी मुद्दाम ठेवला नव्हता, हिरव्या टिकल्यांमधे चुकून गेला होता, कुणालातरी वाटलं फेणे हा प्राणी असेल. शंकाने दहा पानं वाचली आणि किंचाळलीच, "बाई, हा फुरसुंगीचा आहे!" तिला खरं वाटेना. बनेश फेणे, मूळचा फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनात शिकायला येतो, सायकल हाणतो, जीभ टाळ्याला लावून ट्टॉक करतो. आमच्या अकरातली तिघं फुरसुंगीची. तुम्ही पुण्याच्या बाहेरचे असाल तर सांगते, आज फुरसुंगी म्हणलं की लोकांना आधी कचरा डेपो आठवतो. वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर जात राहिला, विहिरी नासल्या, टँकरने पाणी यायला लागलं, गावाने किती आंदोलनं केली. गाव महापालिकेत गेलं, परत बाहेर आलं. या पोरांना वर्गात "ए डेपो" म्हणून हाक मारतात. आणि इथे पुस्तकात छापलंय की फुरसुंगीहून एक पोरगा आला आणि त्याने चोर पकडले.

मग काय, त्या महिन्यात वर्गावर्गात ट्टॉक. दोन शिक्षिकांची तक्रार आली.

एका रविवारी, मला न सांगता, सहाजण सायकलवर फुरसुंगीला गेले, फेण्यांचा वाडा शोधायला. सोमवारी कळलं तेव्हा मी आधी चिडलेच, सासवड रोडला डंपर कसे जातात माहितीये ना तुम्हाला? पण मग ऐकत बसले. देवळासमोरच्या पारावर एक आजोबा बसले होते, त्यांना विचारलं, आजोबा, इथे फेणे कुठे राहतात? ते म्हणाले, "फेणे? इथं हरपळे हायेत, कामठे हायेत, फेणे कुठले?" पोरं हिरमुसली. मग आजोबांनी विचारलं, कोण पाहुणं लागतात का तुमचं? यांनी सगळं सांगितलं, पुस्तक, सायकल, चोर. आजोबांनी थोडा वेळ विचार केला म्हणे, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "आं, ते व्हय. ते गेले की पुण्याला. वाडा विकला, रस्त्यात गेला."

गुरुवारी क्लबमधे एवढाच विषय. आजोबा खोटं बोलले का? तिघं म्हणाले सरळ सरळ थाप मारली. नेपाळी पोरगा म्हणाला, त्यांना आपल्याला वाईट वाटू द्यायचं नव्हतं. शंकाचं म्हणणं, थाप असती तर पुण्याला गेले ते बरोबर कसं सांगितलं, कारण बन्या पुण्यालाच तर गेलाय ना पुस्तकात. कुणीतरी म्हणालं फेणे खोटाच आहे तर वाडा कसा विकतील. "खोटा नाहीये, गोष्टीतला आहे," हे क्रिकेटवाल्याने, जो क्लबमधे नाहीच, नुसता दारात उभा होता. मी एक शब्द बोलले नाही, खळ लावत होते, आणि खरं सांगायचं तर माझं लक्ष दुसरीकडे होतं. टेबलावर पुस्तक नव्हतं. विचारलं, पुस्तक कुठंय? सगळे गप्प. मग फुरसुंगीतला एकजण पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत म्हणाला, "आजोबांनी मागितलं वाचायला. आमी दिलं."

नाव विचारलं का? नाही. घर? नाही. ते रोज तिथेच बसतात म्हणे.

त्या वर्षी आमची सोळाशे चाळीस पुस्तकं दिली गेली. नियम २१५ प्रमाणे आठ हरवायची मुभा, ती आम्हाला लागू नाही ते वेगळंच, आणि आमची भरली एकोणीस कमी. अठरांचे पैसे मी भरले, सरांसारखी पावतीही घेतली. एकोणिसाव्यापाशी अडले. ते गहाळ म्हणावं तर कुठे आहे ते माहितीये, आणि हजर म्हणावं तर कपाटात नाही. एकतीस वर्षांत मी कधी पेन्सिलने नोंद केली नाही, पण त्या दिवशी पेन्सिल घेतली आणि देवघेवीच्या वहीत सभासदाच्या रकान्यात लिहिलं, फुरसुंगीचे आजोबा, पार. परतीच्या तारखेचं काय करायचं ते शंकाला विचारलं. ती म्हणाली, वाचून झाल्यावर. तसं लिहिलं.

वही सरांकडे सहीला गेली. सर बराच वेळ बघत राहिले, मला वाटलं आता पावती काढतायत ड्रॉवरमधून. चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, नुसतं पार काय लिहिता, कुठला पार ते लिहा. मोजणीत विचारतात."